गाडी नाही, गुडघा कुरकुरतो, तरीही इंग्लंडचा किनारा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघं, वय ६३ आणि ६१, पुण्याहून मे-जूनमध्ये सहा आठवडे रीडिंगला मुलाकडे येतोय. लंडन मागच्या खेपेला झालं. या वेळी समुद्रकिनारा आणि खेडी बघायची आहेत. गाडी चालवणार नाही. ह्यांना दर रविवारी सिंहगड चढायची सवय आहे, माझा डावा गुडघा कुरकुरतो. दोघंही शाकाहारी. ब्रायटन, जुरासिक कोस्ट, कॉर्नवॉल, कॉट्सवोल्ड्स आणि लेक डिस्ट्रिक्ट आठ दिवसांत कव्हर होतील का?"

ताई, कव्हर होतील. निम्मे तास रेल्वेत जातील आणि उरलेले पार्किंगपासून फोटोच्या जागेपर्यंत जाण्यात. मी इथे चालणाऱ्यांचे गट घेऊन जाते आणि त्यात मुलांकडे आलेले आईवडील पुष्कळ असतात. पाच नावांची यादी घेऊन आलेल्यांना परत जाताना विचारलं की काय बघितलं, तर बहुतेक जण हॉटेलची नावं सांगतात. एका गावात तीन रात्री राहून रोज आठ-दहा किलोमीटर चाललेले लोक मात्र वर्षभर फोनवर तेच बोलत असतात.

तेव्हा आधी यादीला कात्री लावते. लेक डिस्ट्रिक्ट काढून टाका. जागा वाईट म्हणून नव्हे. रीडिंगहून ते लांब पडतं, तिथे पाऊस इंग्लंडात सर्वांत जास्त, आणि त्याला स्वतःचे पाच दिवस हवेत. कॉट्सवोल्ड्स एका दिवसावर आणा. उरलेले दिवस किनाऱ्याला द्या: ससेक्स, डॉर्सेट, कॉर्नवॉल. सहा आठवडे हातात असताना सगळं सलग आठ दिवसांत कोंबायचं कारणही नाही. दोन दिवस जा, घरी या, कपडे धुवा, हवामान बघा, परत निघा.

गाडी नसणं ही तुमची अडचण नाही, उलट सोय आहे. गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. बसने एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला बाहेर पडता येतं. इथे एक गोष्ट पक्की ठरवून टाका: सकाळी बसने लांबच्या टोकाला जायचं आणि आपल्या मुक्कामाच्या दिशेने चालत यायचं. उलट केलंत तर दुपारभर डोळा घड्याळावर, कारण खेड्यातली शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते आणि रविवारी कित्येक मार्गांवर बसच नसते. इंग्लंडात बहुतेक बसचं एकेरी तिकीट २०२५ पासून जास्तीत जास्त ३ पौंड आहे, त्यामुळे हा खेळ महागही पडत नाही.

आता पायवाटांबद्दल, कारण सगळं त्यावर उभं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे १,४०,००० मैल लांबीच्या सार्वजनिक पायवाटा आहेत. यातल्या कित्येक कुणाच्या तरी शेतातून, कुरणातून, कधी तर थेट घराच्या अंगणाजवळून जातात. जमीन त्याची, पण वाटेवरून चालण्याचा हक्क तुमचा. शेतकऱ्याने गहू पेरला असेल तरी वाटेची पट्टी मोकळी ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी आपल्याकडची मंडळी हमखास थबकतात. दुसऱ्याच्या शेतात शिरायचं आणि तेही फाटक उघडून, हे मनाला पटत नाही. बिनधास्त शिरा. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही येतील. ओकच्या फळाचं चिन्ह दिसलं की तुम्ही राष्ट्रीय दर्जाच्या लांब वाटेवर आहात. फाटक जसं होतं तसं परत लावायचं, एवढी एकच शिस्त.

हा हक्क आयता मिळालेला नाही. डोंगरमाथ्यांची मोकळी माळरानं श्रीमंतांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्ड भागातले शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम घुसले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. १९४९ च्या कायद्याने पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली, २००० च्या कायद्याने मोकळ्या माळांवर फिरायची मुभा मिळाली, आणि २००९ च्या कायद्याने संपूर्ण इंग्लंडच्या किनाऱ्याभोवती सलग वाट आखायचं ठरलं, सुमारे २,७०० मैलांची. या शेवटच्या कायद्यातली मला आवडणारी तरतूद अशी, की कडा समुद्रात ढासळला तर वाटही आत सरकवता येते. त्यामुळे 'वाट वळवली आहे' अशी पाटी दिसली की निमूटपणे वळायचं. जुन्या वाटेचा पुढचा तुकडा बहुधा खाली पुळणीवर पडलेला असतो.

नकाशासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचं केशरी मुखपृष्ठाचं एक्सप्लोरर मालिकेतलं पान घ्या, १:२५,००० प्रमाणाचं. त्यावर पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. मुलाला सांगून त्यांचं अ‍ॅपही फोनवर घ्या आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा, कारण कड्यांच्या पायथ्याशी फोनला रेंज नसते. गूगलच्या नकाशावर इथे विसंबू नका. त्याला शेतातल्या वाटा अर्ध्याच ठाऊक असतात.

वाटेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. आपण कोकणातले असलो की वाटतं, हे काय मला शिकवता! पण मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साधारण पाच मीटर चढतं-उतरतं. इथे ब्रिस्टल खाडीत तो फरक चौदा मीटरच्या घरात जातो. वेस्टन-सुपर-मेअरला ओहोटीला समुद्र मैलभर मागे सरतो आणि मागे राहतो तो पाय गिळणारा चिखल. दक्षिण किनाऱ्यावर आकडे इतके मोठे नाहीत, पण तिथे धोका वेगळा आहे: पुळण अरुंद, पाठीमागे सरळसोट कडा, वर चढायला जागा नाही. कड्याखालून चालायचं असेल तर ओहोटी लागल्यावर निघायचं आणि पाणी फिरायच्या आत बाहेर पडायचं. आणखी एक बारीक गोष्ट: कित्येक छापील तक्त्यांत वेळा ग्रीनिच प्रमाणवेळेत असतात. उन्हाळ्यात इथलं घड्याळ तासभर पुढे असतं. तक्त्यावर तसं लिहिलेलं दिसलं तर एक तास मिळवा. हा तास विसरल्यामुळे लोकांना बोटीने काढावं लागतं. अडचण आलीच तर ९९९ ला फोन करून पोलिस नव्हे, कोस्टगार्ड मागायचं.

आता प्रत्यक्ष जागा.

किनाऱ्याला जाण्याआधी एक सराव करून घ्या, घरापासून पंधरा मिनिटांवर. रीडिंगहून गोरिंग अँड स्ट्रीटलीची लोकल पकडा. तिथे थेम्सकाठची वाट आणि रिजवे ही दुसरी प्राचीन वाट एकमेकींना भेटतात. नदीच्या काठाने, मध्ये थोडं जंगल चढून-उतरून, व्हिटचर्चच्या टोल असलेल्या पुलावरून पँगबोर्नला या. पायी जाणाऱ्याला टोल नाही. साताठ किलोमीटर होतात आणि पँगबोर्नहून तीच लोकल घरी आणते. मध्ये एक तीव्र उतार लागतो. त्या उतारानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो, यावर पुढचं सगळं ठरवा. चढ गुडघ्याला त्रास देत नाही, उतार देतो, आणि इथले उतार पायऱ्यांचे असतात. दोन काठ्या घ्या, एक नको. नव्या बुटांनी हा सराव करू नका.

तुमच्या यजमानांसाठी एक सूचना. सिंहगडवाल्यांना इथल्या उंचीचे आकडे ऐकून हसू येतं. बीची हेड, ब्रिटनमधला खडूचा सर्वांत उंच समुद्रकडा, १६२ मीटर. गोल्डन कॅप, दक्षिण किनाऱ्याचा सर्वांत उंच माथा, १९१ मीटर. पण किनारी वाट एकदा चढून संपत नाही. ओढा आला की समुद्रसपाटीला उतरायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली. साउथ वेस्ट कोस्ट पाथ, म्हणजे नैऋत्य इंग्लंडची किनारी वाट, सलग ६३० मैलांचा आहे आणि त्याच्या सगळ्या चढांची बेरीज सुमारे ३५,००० मीटर होते, म्हणजे एव्हरेस्टची उंची जवळपास चार वेळा. तासाला तीन किलोमीटर धरा, थांबणं वेगळं.

ससेक्स. रीडिंगहून गॅटविकला थेट गाडी, तिथून ईस्टबोर्नला थेट गाडी. लंडनमध्ये शिरायची गरजच नाही. दोन रात्री ईस्टबोर्नला राहा. ब्रायटनला राहू नका, गर्दी आणि भाडं दोन्ही जास्त. १२ नंबरची बस ब्रायटन ते ईस्टबोर्न किनाऱ्याने जाते, ती तुमची गाडी. एक्सीटला उतरलात की ककमियर नदीचं रुंद, सपाट खोरं समोर असतं. नदीकाठचा रस्ता समुद्रापर्यंत सपाट आहे, दोन किलोमीटर, गुडघ्याला काही त्रास नाही. तिथून पूर्वेला सेव्हन सिस्टर्सचे पांढरेशुभ्र कडे सुरू होतात. यजमानांनी ते चढत-उतरत बर्लिंग गॅपला जावं आणि तुम्ही बसने ईस्ट डीनला उतरून, खेड्यातून उतरत तिथेच त्यांना भेटावं. ईस्ट डीनच्या हिरवळीवर बसायला बरं वाटतं.

खडूच्या कड्यांबद्दल मी गटाला दरडावूनच सांगते. वरून गवत दिसतं, खाली पोकळी असते. कडेपासून निदान पाच मीटर आत राहा, फोटोसाठीसुद्धा पुढे जायचं नाही, आणि कड्याच्या पायथ्याशी सावलीत बसायचं नाही. हे कडे पांढरे राहतात तेच मुळी सतत कोसळतात म्हणून. ताजा खडू उघडा पडत राहतो. बर्लिंग गॅपजवळचं बेल टाउट दीपगृह १९९९ मध्ये उचलून १७ मीटर आत सरकवलं, यावरून काय ते समजा. पाऊस पडून गेल्यावर वाटेवरचा खडू साबणासारखा निसरडा होतो. त्या दिवशी उताराच्या वाटा टाळा.

दुसऱ्या दिवशी ब्रायटन करा, पण पिअरवर, म्हणजे समुद्रात घुसलेल्या करमणुकीच्या धक्क्यावर, फार वेळ घालवू नका. वाळूच्या कल्पनेने आलात तर गोटे सापडतील, चप्पल घालूनच पाण्यापर्यंत जावं लागतं. रॉयल पॅव्हिलियन मात्र बघा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी या राजवाड्याचं इस्पितळ केलं होतं. हिंदू-मुसलमानांसाठी वेगळे मुदपाकखाने, पाण्याचे नळही वेगळे. तिथून बसने पॅचमला जा आणि गावाबाहेर डोंगरउतारावर चालत सुटा. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, चहूकडे मेंढ्या चरत असताना, मधोमध संगमरवरी घुमटाची छत्री उभी दिसते. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना इथे अग्नी दिला होता. १ फेब्रुवारी १९२१ रोजी छत्रीचं अनावरण झालं. आत जायला मोटारीचा रस्ता नाही, पायीच जावं लागतं, म्हणून लंडनहून दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. जूनमध्ये दर वर्षी तिथे मानवंदनेचा कार्यक्रम होतो. तारीख जुळली तर त्या दिवशीच जा.

डॉर्सेट. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा ९५ मैलांचा किनारा २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तोच जुरासिक कोस्ट. सगळ्यांनी फोटोत पाहिलेली जागा म्हणजे डर्डल डोअर, समुद्रातली दगडी कमान. सुंदर आहेच. पण मे महिन्याच्या अखेरीस सुट्टीच्या दिवशी तिथल्या उतारावर रांग लागते. सकाळी नऊच्या आत पोहोचता येत असेल तर जा, नाहीतर सोडा.

मी तुम्हाला लाइम रीजिसला पाठवीन. रीडिंगहून बेसिंगस्टोकला गाडी बदलून अ‍ॅक्समिन्स्टर, पुढे बस. तीन रात्री. गाव उतारावर वसलेलं आहे. बुकिंग करताना घर टेकडीवर आहे की खाली, हे विचारून घ्या, नाहीतर रोज दोनदा चढ. बंदराचा वाकडा दगडी धक्का, कॉब, त्याचा वरचा पृष्ठभाग समुद्राकडे कललेला आहे आणि ओला असताना घसरतो. खालच्या बाजूने चाला.

या गावाची खरी मानकरी मेरी अ‍ॅनिंग. १७९९ मध्ये सुताराच्या घरी जन्मली, वडील लवकर गेले, आणि ही मुलगी कड्यातून पडलेले जीवाश्म गोळा करून पर्यटकांना विकायची. १८११ मध्ये भावाला एका अवाढव्य सागरी सरड्याची कवटी दिसली, उरलेला सांगाडा पुढच्या वर्षी हिने शोधला. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या लांब मानेच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सबंध सांगाडा सापडला. लंडनचे विद्वान तिच्याकडून सांगाडे विकत घ्यायचे, त्यावर निबंध वाचायचे, पण भूशास्त्र संस्थेत बायकांना प्रवेश नव्हता. आज तिच्या घराच्या जागी गावाचं संग्रहालय आहे आणि २०२२ पासून समुद्राकडे निघालेला तिचा पुतळा. आणि पुळणीवर जे चक्राकार दगड सापडतात, अ‍ॅमोनाइट, ते बघून तुम्ही म्हणालच, अहो हा तर शाळिग्राम! बरोबर आहे. गंडकीतले शाळिग्रामही अ‍ॅमोनाइटचेच जीवाश्म आहेत. गावातल्या दिव्याच्या खांबांनासुद्धा तोच आकार दिलेला आहे.

जीवाश्म शोधायला शेजारच्या चारमथला जा आणि तिथल्या हेरिटेज कोस्ट सेंटरच्या जाणकारांबरोबरची फेरी आधी नोंदवून ठेवा. ते ओहोटी बघूनच वेळ ठरवतात, त्यामुळे तुमचं गणित चुकत नाही. पुळणीवर सुटे पडलेले तुकडे उचलायला हरकत नाही. कड्यात हातोडी मारायची नाही. कड्याजवळ जायचंसुद्धा नाही. ओल्या मातीच्या दरडी आवाज न करता घसरतात. लाइमहून चारमथपर्यंत पुळणीने तीन किलोमीटर चालता येतं, पण फक्त ओहोटीत. भरतीला पाणी थेट कड्याला लागतं.

यजमानांसाठी एक दिवस गोल्डन कॅपचा: बसने चिडियॉक, तिथून सीटाउनच्या पुळणीपर्यंत उतरून वर. तुम्ही सीटाउनलाच पाणी बघत बसू शकता. लाइमच्या पश्चिमेला अंडरक्लिफ नावाचं घनदाट जंगल आहे, १८३९ च्या नाताळात प्रचंड दरड कोसळून तिथला मोठा भाग तयार झाला. विलक्षण जागा, पण सुमारे सात मैल मधून बाहेर पडायला वाटच नाही. कुरकुरता गुडघा घेऊन तिथे जायचं नाही, यजमानांनी कितीही आग्रह केला तरी.

कॉर्नवॉल. याला चार रात्री द्या आणि पेन्झन्सला राहा. रीडिंगहून थेट गाडी, साधारण पाच तास. जाताना डावीकडच्या खिडकीची जागा घ्या. एक्झिटरनंतर डॉलिशला रूळ समुद्राच्या भिंतीवरूनच जातात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात ही भिंतच वाहून गेली होती आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले होते. पुढे प्लिमथनंतर ब्रुनेल या अभियंत्याच्या १८५९ च्या पुलावरून टेमर नदी ओलांडली की कॉर्नवॉल.

पहिल्या दिवशी सपाट चाला: मराझियनला बसने जा आणि पुळणीच्या कडेने पेन्झन्सला परत या, पाचेक किलोमीटर. मराझियनसमोर सेंट मायकेल्स माउंट हे किल्ल्याचं बेट आहे. ओहोटीला दगडी फरसबंदी उघडी पडते आणि चालत जाता येतं, भरतीला होडी. फरसबंदीच्या वेळा रोज जाहीर होतात. जाताना चालत आणि येताना होडीने, असं जमवा.

दुसरा दिवस पोर्थकर्नोला. शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी यासाठी लोक जातात, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पुळणीमागचं तारायंत्र संग्रहालय. १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेली तार मुंबईहून एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत याच पुळणीवर बाहेर आली. आगबोटीच्या टपालाला आठवडे लागायचे, तो निरोप काही मिनिटांत पोहोचू लागला. कापसाचे भाव, लष्करी हुकूम, सगळं या एवढ्याशा खोऱ्यातून. बाजूच्या कड्यात रोवेना केड या बाईंनी स्वतः राबून कोरलेलं मिनॅक हे उघडं नाट्यगृह आहे, १९३२ पासून तिथे नाटकं होतात. पुळणीवरून तिथे जाणाऱ्या पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. तुम्ही रस्त्याने जा, थोडा फेरा पडेल.

लँड्स एंडला बस थेट नेते, पण तिथे दुकानं आणि पैसे देऊन फोटो काढायची पाटी. त्याऐवजी सेनन कोव्हला उतरा आणि दोन किलोमीटर कड्यावरून चालत लँड्स एंडला पोहोचा. तीच जागा वेगळी दिसते. मे महिन्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना गोर्सची पिवळी काटेरी झुडपं फुललेली असतात. उन्हात त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. तिसऱ्या दिवशी बोटॅलॅकच्या खाणी बघा. कथील आणि तांब्याच्या या खाणींचे बोगदे समुद्रतळाखाली गेलेले आहेत आणि इंजिनघरं लाटांच्या वर कड्याला चिकटून उभी आहेत. खाणी बंद पडू लागल्यावर इथले कामगार जगभर पांगले, त्यातले काही आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. चौथ्या दिवशी सेंट अर्थहून सेंट आइव्ह्‌जची छोटी रेल्वे, समुद्राच्या बाजूने दहा-पंधरा मिनिटं. सेंट आइव्ह्‌जला हातातली पेस्टी (करंजीसारखी सारण भरून भाजलेली) सांभाळा. समुद्रपक्षी मागून येऊन उचलतात.

कॉट्सवोल्ड्सचा एक दिवस असा: रीडिंगहून थेट मॉर्टन-इन-मार्श, बसने चिपिंग कॅम्पडन. पिवळसर चुनखडीची घरं, लोकरीच्या व्यापाराच्या पैशातून बांधलेलं भलंमोठं चर्च, आणि गावातून मैलभर चढून गेलं की डोव्हर्स हिलवरून अख्खं ईव्हशॅमचं खोरं. बायबरीला जाऊ नका. फोटोतली ती घरांची रांग बघायला आलेल्या बसगाड्यांनी गाव गुदमरतं.

खाण्याचं. पारंपरिक पेस्टीत गोमांस असतं, पण चीज-कांद्याची जवळपास सगळीकडे मिळते. नीट विचारून घ्या. चिप्स दक्षिणेत बहुधा वनस्पती तेलात तळतात, मात्र माशांच्याच कढईत. उत्तरेत तर गाईच्या चरबीत तळायची पद्धत अजून आहे. चालत नसेल तर 'तळण वेगळं आहे का' हे विचारण्यात संकोच नको. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळी सहापर्यंत उघडत नाही. म्हणून पाठीवर दशम्या, चटणी, फळं, पाणी असू द्या. कड्यावर बसून खाण्याला कुणाची हरकत नाही, पबच्या बाकावर बसून आपला डबा उघडण्याला असते. क्रीम टी मात्र चुकवू नका. चहाबरोबर स्कोन, म्हणजे छोटा बनसारखा पाव, त्यावर घट्ट साय आणि जॅम. डेव्हनमध्ये आधी साय लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, आणि यावर दोन्हीकडची माणसं खरोखर वाद घालतात.

पावसाची फार धास्ती घेऊ नका. मुंबईत एकट्या जुलैत जेवढा पडतो तेवढा लंडनमध्ये वर्षभरात पडत नाही. इथला त्रास पावसाचा नसून वाऱ्याचा आहे. सुती कपडा भिजला की वाऱ्यात अंग गारठतं, म्हणून जीन्स नको. पातळ कपड्यांचे थर आणि वरून वारा अडवणारं जाकीट. छत्री कड्यावर निरुपयोगी. हवामान बघताना वाऱ्याचा वेग आधी बघा, जोराच्या झोतांचा इशारा असेल तर कडे सोडून खोऱ्यात चाला.

गाईंबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. वासरं बरोबर असलेल्या गाई इथे माणसांच्या अंगावर धावून जातात. कळपाच्या मधून जाऊ नका, गाय आणि वासरू यांच्यामध्ये तर अजिबात नको. कडेने वळसा घ्या. आपली गाय समजून कुरवाळायला हात पुढे करणारे मी पाहिले आहेत. लांब गवतातून चालून आलात की रात्री पाय तपासा, गोचीड चिकटते. ती चिमट्याने सरळ ओढून काढा आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चकती उमटली तर डॉक्टरांना दाखवा.

रेल्वेसाठी दोघांच्या नावाचं मिळून एकच 'टू टुगेदर' कार्ड काढा. तुम्ही एकत्र प्रवास केलात की तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो. आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर चालतं. पेन्झन्सच्या एका फेरीत कार्डाची किंमत बहुतेक निघते. लांबचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

क्रम असा ठेवा: आल्यावर आठवडाभर घरी, त्यात गोरिंगचा सराव आणि कॉट्सवोल्ड्स. मग ससेक्स. मे महिन्याचा शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो आणि त्याला जोडून शाळांना आठवडाभर रजा. त्या आठवड्यात किनाऱ्यावरची भाडी वाढतात आणि खोल्या मिळत नाहीत, तेव्हा रीडिंगलाच नातवंडांबरोबर राहा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लाइम, दुसऱ्यात कॉर्नवॉल. जूनमध्ये नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे चार वाजता गर्दी परतायला लागली की तुम्ही निघा. पेन्झन्सच्या खोल्या मात्र आत्ताच नोंदवा, आणि घर तळमजल्यावर आहे का हे विचारून.